धुरा मोडला

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात माझा फोटो स्टुडिओ आहे. पूर्वी लग्न म्हणजे छत्तीस फोटोंचा एक रोल. पार्टी मोठी असली तर चार. आता हळद, सीमांतपूजन, वरात, बिदाई, वरून ड्रोन, आणि त्या ड्रोनकडे पाहून हात हलवणारं अख्खं गाव. एका लग्नाचे दीडशे जीबी कुठेच जात नाहीत. यंदा वैशाखात तिसरं लग्न कॉपी करायला घेतलं आणि कम्प्युटरने जागा संपल्याचं सांगितलं. तेवढ्यात नवरीच्या वडलांचा फोन. "भाऊ, कॅसेट झाली का?" कॅसेटचा जमाना जाऊन वर्षं लोटली, पण लग्नाच्या शूटिंगला आमच्याकडे अजून कॅसेटच म्हणतात.

कम्प्युटरवर लिनक्स आहे, विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम. हा उपद्व्याप पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याचा. गेल्या दिवाळीत आला, चिवडा खाल्ला आणि जाता जाता हे टाकून गेला. सोबत एलव्हीएम करून ठेवलं, म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर. जागा संपली की दुसरी डिस्क आणायची आणि जुनीच्या गटात सामील करायची. फोल्डर तेच, फाइली जागच्या जागी, नुसती आतली जागा वाढते. हाइन्झ माउल्सहागेन नावाच्या जर्मन गृहस्थाने लिनक्ससाठी हे 1998 मध्ये लिहिलं. त्या साली मी दुसऱ्यांच्या लग्नात फ्लॅशची बॅटरी धरून उभा राहत होतो, तेव्हा त्यांना नावं ठेवायला मला तोंड नाही.

डिस्क आणली ती जुनी. एका जिनिंगच्या हिशेबनिसाचा कम्प्युटर भंगारात निघाला, त्यातली. वर एक टीबी लिहिलेलं, जोडून पाहिली तर 931 जीबी. कापूस विकणाऱ्या घरातल्या माणसाला घट कापलेली लगेच कळते. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, डिस्क बनवणारे हजाराच्या हिशेबाने मोजतात आणि कम्प्युटर 1024 च्या. यात चोरी नाही." आमचा व्यापारीही नेमकं हेच म्हणतो.

"तीन कमांड आहेत फक्त," तो म्हणाला. "पीव्हीक्रिएट, व्हीजीएक्स्टेंड, एलव्हीएक्स्टेंड. चहा होईस्तोवर होते." मी दुपारी दोनला बसलो. चहा सव्वासातला झाला.

पहिलीच कमांड अडली. कम्प्युटरने आधीच्या डिस्कला एसडीए नाव दिलेलं, या आणलेलीला एसडीबी. डिस्क एलव्हीएमच्या कामाची करणारी पीव्हीक्रिएट दिली, तर उत्तर आलं की ही डिस्क घेता येत नाही, डिव्हाइस इज पार्टिशन्ड. हिशेबनिसाने तिचे सी, डी, ई असे तीन वाटे पाडून ठेवले होते. भाचा म्हणाला, एलव्हीएमला एखादं पार्टिशनही देता येतं, त्यावर 8ई असा प्रकार नोंदवायचा. पण अख्खी डिस्क द्यायची तर तिच्यावरची जुनी वाटणी आधी पुसावी लागते.

"म्हणजे धुरा मोडायचा," मी मोठ्याने बोललो, आणि तिथेच चुकलो. कुलरपुढे काका पडले होते. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध, आणि दीड हात धुऱ्यापायी त्यांची शेजाऱ्याशी आठ वर्षं केस चालली. तीनदा मोजणी झाली आणि तिन्ही वेळा धुरा वेगवेगळ्या जागी निघाला. काका ताडकन उठून बसले.

"कोनाचा धुरा बे?"

"डिस्कवरचा, काका."

"मोडू नोको. आंधी मोजनी बोलाव."

मोजणी न बोलावता मी वाइपएफएस लिहायला घेतलं. डिस्कवरच्या जुन्या खुणा पुसायची ती कमांड. एंटर मारणार तोच लाईन गेली. यूपीएसची बॅटरी दिवाळीपासूनच शोभेपुरती आहे. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत बंद कुलर. काका खाट घेऊन निंबाखाली गेले, मी पानठेल्यावर. तिथे तिघांनी मला वेगवेगळी डिस्क घ्यायला सांगितली, त्यांतल्या एकाकडे तर कम्प्युटरच नाही.

दीड तासाने लाईन आली. कम्प्युटर काही न कुरकुरता सुरू झाला. मी वाइपएफएस, डॅश ए, एसडीबी लिहून एंटर मारलं. उत्तर आलं: डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी. आता मघापासून रिकामी पडलेली डिस्क बिझी कशी? वाटलं, हिशेबनिसाची आहे, सवय गेली नसेल. डॅश एफ लावलं की जबरदस्ती करता येते, एवढं मला माहीत होतं. बोट एंटरवर ठेवूनच भाच्याला फोन लावला.

"मामा, हात काढा! आधी एलएसबीएलके मारा."

मारलं. जोडलेल्या डिस्कांची यादी आली: एसडीए 931.5, एसडीबी 465.8. म्हणजे लाईन जाऊन आली तेवढ्यात दोन्ही डिस्कनी नावं बदलून घेतली होती. ही नावं पक्की नसतात. चालू होताना जी आधी दिसेल ती पुढे. एलव्हीएम मात्र या नावांवर जात नाही. डिस्कवर स्वतः लिहिलेल्या यूयूआयडीवरून, म्हणजे न बदलणाऱ्या ओळख क्रमांकावरून, तो आपली डिस्क ओळखतो, म्हणूनच सगळं बिनबोभाट सुरू झालं होतं आणि मला पत्ता नव्हता. जिला मी जबरदस्ती करणार होतो तिच्यावर दोन लग्नं, एक बारसं आणि सरपंचाच्या वडलांची तेरवी होती. फोन खाली ठेवून मी माठातलं दोन गिलास पाणी प्यालो.

मग नाव चार वेळा वाचून एसडीएवर तीच कमांड दिली. एक ओळ आली. टू बाइट्स वेअर इरेज्ड, आणि शेवटी 55 एए. संपलं. एक टीबीच्या डिस्कवरचे तीन वाटे, आणि ते वाटे आहेत असं कम्प्युटरला पटवणारी सही नुसती दोन बाइट्सची, पहिल्या 512 बाइट्सच्या शेवटी. ती पुसली की सी, डी, ई काही दिसत नाही. आतला हिशेब अजून तिथेच असतो, फक्त त्याला वाली नसतो.

काका परत आले होते. "मोडला?"

"मोडला."

"किती टाइम लागला?"

"एक सेकंदही नाही."

काका बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिले. "माहे आठ वर्स गेले ना बे," एवढंच म्हणाले.

पुढचं भराभर झालं. पीव्हीक्रिएट एका दमात झाली; तिने डिस्कच्या दुसऱ्या सेक्टरवर लेबलवन असा आपला शिक्का मारला. व्हीजीएक्स्टेंडने डिस्क गटात घातली. चार-चार एमबीचे 238467 तुकडे मोजून ताब्यात आले. मोजणी अशी असते, हे काकांना दाखवायचा मोह मी आवरला. ही जागा वापरात जोडणारी एलव्हीएक्स्टेंडही दिली. मग जागा पाहिली, तर जेवढी होती तेवढीच. 98 टक्के भरलेली.

पुन्हा फोन. "मामा, डॅश आर लावलं नाही तुम्ही. व्हॉल्यूम वाढला, फाइल सिस्टिम नाही वाढली." म्हणजे सातबाऱ्यावर वाढलं, वहितीत नाही. रिसाइझटूएफएस दिली आणि वहितीही वाढली. तोवर सव्वासात झाले होते.

चहा घेता घेता काकांनी विचारलं, "म्हंजे दोन्ही डिस्कीची मिळून एकच जमीन झाली?"

"हो, सामायिक."

"अन् दोघीतली एक मेली त?"

मी बशी खाली ठेवली. भाच्याला फोन लावला आणि काकांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही.

"मामा," तो हळूच म्हणाला, "बॅकअप न घेताच केलं का तुम्ही हे सगळं?"

काकांना पलीकडचं सगळं ऐकू आलं होतं. त्यांनी बिडी पेटवली. "पाय, म्या आंधीच म्हनलं होतं, मोजनी बोलाव."