पहाट आठ वाजता होते का?

काल रात्री जेवताना सासऱ्यांशी परत वाजलं. त्यांचं एक ठरलेलं चॅनेल आहे, माझे दोन यूट्यूबवाले, आणि दोघांनाही खात्री की समोरचा विकल्या गेलेल्या बातम्या बघतो. विषय तोच जुना, २०२२ ला शिंदे आमदार घेऊन सुरतेला गेले ते बंड, उठाव की गद्दारी. म्हटलं बाबा, तुम्ही कुठला शब्द वापरता त्यावरून तुमचा रिमोट कुठे अडकलाय ते कळतं. म्हणे, तुझं नाही कळत वाटतं?

ते खरंय. पक्षपाती मीडिया म्हटलं की आपल्याला ओरडणारा अँकर आठवतो, पण त्याचं काय ते उघड दिसतं तरी. खरी गोम बारक्या शब्दांत असते. २३ नोव्हेंबर २०१९ चा 'पहाटेचा शपथविधी' घ्या ना. राष्ट्रपती राजवट उठली पहाटे पावणेसहाच्या सुमारास, पण फडणवीस आणि अजित पवारांनी शपथ घेतली तेव्हा आठ वाजत आले होते, आमच्याकडे तोवर दुसरा चहा होतो! पण पहाट म्हटलं की कसं चोरून लपून केल्यासारखं वाटतं, आणि मला ते सरकार नकोच होतं त्यामुळे मीही आजवर मजेत पहाटच म्हणत आले.

सामनाचा मला राग येत नाही. उघडतानाच माहीत असतं आपण कोणाच्या घरात बसलोय. टिळकांनी तरी केसरीत तटस्थपणाचा आव कुठे आणला होता, आगरकरांचं पटेना तेव्हा त्यांनी १८८८ ला स्वतःचं सुधारक काढलं, विषय संपला. डोकं फिरतं ते बातमीचे कपडे घालून आलेल्या जाहिरातीने.

२००९ ला आम्ही नांदेडला होतो. विधानसभेचं मतदान १३ ऑक्टोबरला आणि पाठोपाठ दिवाळी. सासूबाई चकल्या तळून पेपरवर काढत होत्या आणि खाली पानभर अशोकराव चव्हाण हसतायत, तेव्हाचे मुख्यमंत्री. बाबा चष्मा लावून, चकल्या बाजूला सारून, कोपऱ्यात बारीक अक्षरात 'जाहिरात' कुठे लिहिलंय का ते शोधत होते. नव्हतं. पुढे पी. साईनाथांनी द हिंदूत सगळं मांडलं, 'अशोक पर्व' नावाने पानंच्या पानं आणि एकच मजकूर जवळपास शब्दाला शब्द तीन वेगवेगळ्या मराठी पेपरांत. आणि चव्हाणांनी निवडणूक खर्चात पेपरच्या जाहिरातींचे दाखवले होते ५,३७९ रुपये. अहो, आजोबांच्या श्रद्धांजलीची फोटोसकट छोटी चौकट द्यायची म्हणून आम्ही रेट विचारला होता, तो आठवून बाबा कितीतरी दिवस हसत होते.

पैसे दिलेच नाहीत असं चव्हाणांचं म्हणणं होतं. केस वर्षानुवर्षं चालली, २०१४ ला निवडणूक आयोगाने हिशोब नीट दिला नाही म्हणून ठपका ठेवला आणि त्याच वर्षी दिल्ली हायकोर्टाने चव्हाणांना दिलासाही दिला. तर हा किस्सा बाबांनी आम्हाला, पाहुण्यांना, एकदा तर गॅसवाल्यालासुद्धा ऐकवलाय, काँग्रेस पेपर कशी विकत घेते त्याचं उदाहरण म्हणून. मी दरवेळी म्हणायचे, जाऊ द्या हो बाबा, सगळेच करतात.

फेब्रुवारी २०२४ ला चव्हाण भाजपात गेले. तेव्हापासून बाबांनी ५,३७९ चा आकडा एकदाही काढलेला नाही. काल मी काढला.