ट्यूबच्या चाकाला १२ पीएसआय नको

हीरोची एक्सपल्स मोटारसायकल कच्च्या वाटांवर नेण्याबद्दलच्या लेखात दगडी वाटेसाठी टायरची हवा १२ पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) उतरवायला सांगितलंय. रिमलॉक (टायर रिमला आवळून धरणारा क्लॅम्प) नसलेल्या ट्यूबच्या चाकाला हे महागात पडतं. जोरात ब्रेक मारला की टायर रिमवर सरकतो, ट्यूबलाही ओढून नेतो आणि व्हॉल्व्ह बुडापासून फाटतो. तिथे पॅच बसत नाही. १८-२० च्या खाली जाऊ नका आणि डांबरी लागली की परत भरा. व्हॉल्व्हचा बाहेरचा नट रिमवर आवळायचा नाही, वर टोपीला टेकवून ठेवायचा. टायर सरकू लागला की व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसतो, वेळीच कळतं.

ठाण्याहून मुरबाडमार्गे माळशेजला निघणाऱ्या ग्रुपने पुढच्या चाकाची २१ इंची जादा ट्यूब न्यावीच. एक्सपल्सच्या मागच्या १८ इंची चाकातही ती अडीअडचणीला चालते, हळू चालवत पंक्चरवाल्यापर्यंत पोचता येतं. आणि पंप, लिव्हर, ॲक्सलचा पाना शेवटच्या गाडीवर ठेवा हो! पुढच्याकडे पंप आणि पंक्चर मागच्याचं, हा प्रकार नेहमीचा. प्रत्येक फाट्यावर एकाने थांबायचं, शेवटची गाडी आल्याशिवाय हलायचं नाही.

पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) १३ ऐवजी १२ दातांचं लावायचा लेखातला सल्ला मात्र पटला. चढाला ओढ साधारण ८ टक्के वाढते. घोडबंदर रोडवर वेगात जाताना इंजिन जरा ओरडेल, तेवढं चालायचंच. फक्त चेनची ढील स्टँडवर मोजून गप्प बसू नका. गाडीवर वजन टाकून मागचं सस्पेन्शन दबल्यावरही थोडी ढील उरायला हवी.