त्याच ड्राइव्हवरचा दुसरा फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे!

"अरे, माझी अख्खी गाण्यांची लायब्ररी उडाली!" डीजे मंडळींचं हे नेहमीचं रडगाणं. उडणारच. बॅकअप कुठाय? तर म्हणे त्याच ड्राइव्हवर, दुसऱ्या फोल्डरमध्ये! धन्य.

आणि ती केबल! कॉपी चालू असतानाच खस्सकन उपसायची. सेफ रिमूव्हचं बटण काय शोभेला दिलंय? एक्सफॅट या ड्राइव्ह-फॉरमॅटला जर्नलिंग, म्हणजे बदलांची आधी नोंद ठेवणं, नसतं; अर्धवट लिहिलेलं अंगाशी येतं, हे सांगून सांगून घसा बसला माझा. वर एनटीएफएस या विंडोजच्या फॉरमॅटमध्ये केलेला पेनड्राइव्ह डीजे प्लेअरला खुपसून "दिसतच नाही" ही बोंब, तीही सेट वाजवायच्या तोंडावर. फॅट ३२ करून आधी तपासायला हात मोडतात का?

पण खरा कहर ती नीटनेटकी मंडळी. डीजे सॉफ्टवेअरच्या बाहेरून फोल्डर 'आवरतात', मग ट्रॅकमागून ट्रॅक बेपत्ता! सॉफ्टवेअर फाइलचा पत्ता लक्षात ठेवतं राजा, तिची चाल नाही. विंडोजवर ड्राइव्हचं अक्षर ई-चं एफ झालं तरी बोंबच. बरं, नुसती गाणी कॉपी केली की झालं? क्यू पॉइंट (गाण्यात ठरवून ठेवलेल्या जागा), प्लेलिस्ट, बीटग्रिड (ठेक्यांच्या खुणा) बऱ्याचदा सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये असतात आणि तो राहतो जुन्या लॅपटॉपवर! हजारो ट्रॅकचे क्यू पुन्हा कोण लावणार? मी?

दुसरा ड्राइव्ह घे म्हटलं की "महाग पडतो रे." गाणी मिसळायचा नवा कंट्रोलर मात्र आलाय!