कोल्हापूर ते संभाजीनगर : फक्त ५८ मिनिटं

अंतरं सांगणाऱ्या संकेतस्थळांवर एक विमान उडतं. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून उठलं की ते नाकासमोर निघतं. खाली विटा, मग भिगवणजवळ उजनीचं पाणी, पुढे जायकवाडीचं, की थेट संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ! अंतर ३७५ किलोमीटर, वेळ ५८ मिनिटं.

या विमानाला पायलट नाही, तिकीट नाही. मुळात विमानच नाही. नकाशावर दोन टिंबं जोडायची, येईल त्या अंतराला ताशी ८०० किलोमीटरने भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर मिळवायचा, एवढाच सगळा कारभार. खाली आणखी एक मोलाची माहिती असते : दोन्ही शहरांच्या वेळेत फरक, शून्य तास. चला, घड्याळ पुढे-मागे करायची कटकट वाचली!

पुतणीचा साखरपुडा संभाजीनगरला ठरला आणि मेहुण्याने हे पान मोबाइलवर नाचवलं. "दाजी, ५८ मिनिटं! एसटी कराडला पोचायच्या आत तुम्ही पंगतीत बसताय."

तिकीट काढायला बसल्यावर कळलं, आम्हाला हव्या त्या दिवशी थेट विमान नाही. मुंबईमार्गे जा. म्हणजे जायचं ईशान्येला आणि तोंड वायव्येला. मुंबईपर्यंत सरळ रेषेत तीनशेच्या वर, तिथून पुढे पुन्हा पावणेतीनशेच्या वर किलोमीटर. त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते, हे शाळेत फुकट शिकवलं होतं. इथे दोन तिकिटं काढून सिद्ध केलं. शिवाय पहिलं विमान एका टर्मिनलला, दुसरं दुसऱ्या. मधलं अंतर टॅक्सीने, अंधेरीच्या ट्रॅफिकमधून. ते त्या ५८ मिनिटांत धरलेलं नसतं.

तपासणीला बायकोच्या पिशवीतून कांदा-लसूण चटणीची बरणी निघाली.

"हे आत नेता येणार नाही, ताई."

"अहो, तिखट आहे नुसतं!"

"तेच म्हणतोय. तिखट चालत नाही."

माझ्या मते त्या जवानाने ती चटणी पूर्वी खाल्लेली असावी. बरणी परत काउंटरवर गेली, मोठ्या बॅगेत बसली आणि काटा १५ किलोच्या पुढे सरकला. चटणी काढायचा प्रश्नच नव्हता. मग माझ्या नव्या कोऱ्या, बुटांहून जड कापशी चपला पायात आल्या आणि बूट बॅगेत गेले. मुंबई विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर त्या अशा करकरत होत्या, की पुढची माणसं वळून बघून वाट देत होती.

तिथे दुसऱ्या विमानाची वाट बघत, दोनशे रुपयांचा चहा फुंकत बसलो असताना मेहुण्याचा फोन आला.

"काय दाजी, उतरला असाल नव्हं?"

"उतरलोय. मुंबईत."

"आँ? मुंबईला कशाला गेलाय?"

मी फोन बायकोकडे दिला. भाऊ तिचा आहे.