हुकूमशाही करायची आहे? आधी वकिलीची परीक्षा द्या

देश कायमचा आपल्या नावावर करून घ्यावा, असं तुमच्या मनात घोळत असेल तर कृपा करून रणगाड्यांच्या नादी लागू नका. ते अडाणी लष्करशहांचं काम. शिकल्यासवरल्या माणसाने कसं, रीतसर यावं आणि रीतसर ठाण मांडावं. फिलिपिन्सचे फर्डिनांड मार्कोस हे या शास्त्राचे आद्यगुरू. वडिलांना निवडणुकीत हरवणाऱ्या उमेदवाराच्या खुनाचा खटला डोक्यावर असताना या पठ्ठ्याने १९३९ साली वकिलीच्या परीक्षेत देशात पहिला नंबर काढला आणि पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयातून निर्दोष सुटला. पाया असा पक्का हवा.

तुमची पहिली अडचण राज्यघटनाच असणार. मार्कोस १९६५ ला राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, १९६९ ला पुन्हा आले आणि घटना म्हणाली, आठ वर्षं पुरे झाली, डिसेंबर १९७३ ला घरी जा. कच्चा गडी इथे घटना फाडतो. तुम्ही ती वाचा. त्याच घटनेत लिहिलं होतं की आक्रमण किंवा बंड झाल्यास राष्ट्राध्यक्षाला लष्करी कायदा पुकारता येईल. झालं! आता फक्त बंड हवं. जंगलात थोडेफार कम्युनिस्ट होतेच. राजधानीतही काहीतरी घडलेलं बरं.

तारखांकडे नीट लक्ष द्या, परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो. लष्करी कायदा पुकारणाऱ्या १०८१ क्रमांकाच्या घोषणेवर तारीख आहे २१ सप्टेंबर १९७२. (साहेबांना सात आकडा लाभायचा आणि एकवीसला सातने भाग जातो, असं सांगतात.) संरक्षणमंत्री हुआन पोन्से एनरिले यांच्या गाडीवर गोळीबार झाला २२ च्या रात्री. मंत्रिमहोदय सुदैवाने मागच्या गाडीत होते. २३ ला साहेबांनी टीव्हीवरून देशाला सगळं सांगितलं. म्हणजे कागद २१ चा, कारण २२ चं आणि बातमी २३ ची. पुढे १९८६ मध्ये मार्कोसची साथ सोडताना एनरिले म्हणाले की तो हल्ला बनाव होता. नंतर आत्मचरित्रात म्हणाले, छे, खराच होता. मंत्री असेच निवडावेत, दोन्ही बाजूंच्या वकिलांना उपयोगी पडतात.

वर्तमानपत्रांना आणि वाहिन्यांना टाळं लागलं, निनॉय अक्विनो आणि होसे डिओक्नो हे सिनेटर तुरुंगात गेले. हा भाग सगळेच करतात, त्यात शिकण्यासारखं काही नाही.

खरी कला जानेवारी १९७३ मध्ये दिसते. नवी घटना मंजूर करून घ्यायची होती. मतपेटी म्हणजे कटकट; त्यात कोण काय टाकेल सांगता येत नाही. म्हणून वस्तीवस्तीत सभा बोलावल्या, पंधरा वर्षांवरच्या सगळ्यांना बसवलं आणि हात वर करायला सांगितलं. नवी घटना कोणाला हवी? हात वर. काही ठिकाणी तर तांदूळ कोणाला हवेत असं विचारून वर झालेल्या हातांचे फोटो काढल्याच्या आठवणी लोक सांगतात. निकाल मात्र शेवटच्या हातापर्यंत मोजलेला: बाजूने १,४९,७६,५६१, विरोधात ७,४३,८६९. असा सुटा आकडा द्यावा. दीड कोटी म्हटलं की माणूस शंका घेतो, शेवटी ५६१ आलं की गप्प बसतो.

तरीही काही चिकट लोक कोर्टात गेलेच. तुम्ही घाबरू नका. दहापैकी सहा न्यायमूर्तींनी मान्य केलं की घटनेला मंजुरी देण्याची पद्धत वैध नव्हती. मग दहापैकी सहांनीच याचिका फेटाळल्या आणि निकालाच्या शेवटी लिहिलं की नवी घटना अमलात आहे असं मानायला आता कोणताही न्यायालयीन अडथळा उरलेला नाही. अडथळा म्हणजे ते स्वतःच होते, पण सज्जन माणसं, बाजूला सरकली.

एवढं झालं की जनतेला शिस्त लावा. रात्री संचारबंदी, लांब केसवाल्या पोरांची हजामत, आणि ‘देशाच्या प्रगतीला शिस्त हवी’ अशी घोषणा. आपल्याकडे आणीबाणीतलं ‘अनुशासन पर्व’ याच्या पावणेतीन वर्षं नंतर आलं, तेव्हा इथे आपण मागे पडलो हे कबूल करायला हवं. फक्त मुलांच्या वाटेला जाऊ नका. १९७९ मध्ये सरकारने ‘व्होल्टेस फाइव्ह’ हे जपानी कार्टून शेवटचे भाग उरले असताना बंद केलं. सिनेटर पकडल्याचं लोक विसरतील; कार्टून बंद केल्याचं ती पिढी अजून काढते.

लष्करी कायदा कधीतरी उठवावाही लागतो. पोप येणार होते, त्याआधी १७ जानेवारी १९८१ ला तो उठवला. त्याने बिघडलं काहीच नाही, कारण स्वतःच कायदे करण्याचा अधिकार १९७६ च्या घटनादुरुस्तीत आधीच लिहून घेतला होता. त्याच वर्षी अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष बुश मनिलात आले आणि मार्कोस यांच्या लोकशाही तत्त्वांवरील निष्ठेचं पेला उंचावून कौतुक करून गेले.

गुरूंच्या दोन चुका मात्र टाळा. फेब्रुवारी १९८६ च्या निवडणुकीत मतांची बेरीज करायला संगणक आणि तो चालवायला प्रामाणिक मुलंमुली बसवली. आपल्या पडद्यावरचे आकडे आणि फलकावरचे आकडे जुळेनात, तेव्हा तीसेक जण उठून चालते झाले. आणि दुसरी, कागद जपणं. स्विस बँकेत ‘विल्यम साँडर्स’ आणि ‘जेन रायन’ या नावांनी खाती उघडली, पण कागदावर नवराबायकोच्या खऱ्या सह्याही ठेवल्या. सत्ता गेल्यावर हवाईला पळताना दप्तर राजवाड्यातच राहिलं. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिशेब मांडला: दोघांचं वैध उत्पन्न सुमारे ३ लाख ४ हजार डॉलर, आणि जप्त केलेली स्विस ठेव साडेपासष्ट कोटी डॉलरच्या वर.

त्याच पैशातून मार्कोसच्या राजवटीत छळ झालेल्यांना भरपाई देण्याचा कायदा २०१३ ला झाला. पंचाहत्तर हजारांवर अर्ज आले, मंजूर झाले ११,१०३. बाकीच्यांची कागदपत्रं अपुरी पडली असावीत. छावणीत विजेचे झटके देणारे लोक पावती देत नसत. तेव्हा तुम्ही चुकून दुसऱ्या बाजूला सापडलात, तर आधी पावती मागून घ्या, आणि तिच्यावर तारीख, शिक्का आणि अधिकाऱ्याची सही आहे ना ते तिथेच बघा.