रेंजरचं खानदान

कागद आईच्या हाती लागला तिथंच घात झाला. पँट धुवायला टाकण्याआधी खिसे उलटे करायची तिची सवय. चष्मा लावून तिनं मोठ्यानं वाचलं, "आईबाप लहानपणीच ऑर्कांच्या हल्ल्यात गेले." मग अगदी थंड आवाजात, "हे ऑर्क कोण? आणि आम्ही कधी गेलो?"

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. साताऱ्यात राजवाड्यामागच्या आमच्या घरी पोचायला त्याला जरा वेळ लागला. रविवारी दुपारी आम्ही पाच जण मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत जमतो. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे आपापलं पात्र घेऊन तीत घुसतात. माझं पात्र रेंजर; रानावनात माग काढणारा तिरंदाज. त्याच्या घराण्याची माहिती लिहून न्यायची होती. या खेळात अनाथ वीरांची चलती फार, कारण अनाथाला 'जेवायला कधी येणार' असं कोणी विचारत नाही. म्हणून मीही आईबाप ऑर्कांच्या, म्हणजे खेळातल्या रानटी राक्षसांच्या, हवाली करून एका ओळीत उरकले होते.

"आधी आम्हाला जित्तं कर," आप्पा म्हणाले. केलं. मग ते पेनच घेऊन बसले. "कूळ घाल. देवक घाल. मामाचं गाव कुठाय? बिनमामाचा असतोय का माणूस?" लग्नाच्या बायोडाट्याच्या क्रमानं सगळं भरलं; रक्तगट तेवढा मी हातापाया पडून वाचवला. रेंजरला एक ठरलेला शत्रू निवडावा लागतो. ड्रॅगन, राक्षस, चालतीबोलती मढी, असे पर्याय असतात. आप्पांनी यादी वाचलीसुद्धा नाही. 'भाऊबंद' लिहिलं आणि पुढं बांधाचा गट नंबर टाकला.

आईचं लक्ष आकड्यांवर. पात्राची ताकद, शहाणपण असे गुण फाशांवर ठरतात: सहा बाजूंचे चार फासे टाकायचे, सगळ्यांत लहान सोडायचा, उरलेल्या तिघांची बेरीज. असं माझं 'शहाणपण' १७ पडलं होतं.

"कुठं पडलं?" म्हणत तिनं कॉटखाली वाकून बघितलं.

रेंजर त्याच्या आवडत्या मुलखात वाट चुकत नाही. चुकलाच तर जादूमुळे. मी डोंगर निवडलाय. गेल्या श्रावणात कासला निघालेला मी यवतेश्वरच्या धुक्यात फिरून फिरून पुन्हा साताऱ्यातच उतरलो होतो, याची आईनं आठवण दिली. ती जादूच होती, दुसरं काय!

एवढ्यात कोरेगावच्या आत्याचा फोन. आईनं तिला सकाळीच काहीतरी अर्धवट सांगितलं असणार. आता, वनक्षेत्रपालाला आपल्याकडे सगळे रेंजरच म्हणतात. त्या पदाची परीक्षा मी दोनदा दिलीय, आणि निकालाचा विषय घरात कोणी काढत नाही.

"पोरगं रेंजर झालं म्हणं की रं दादा!" आत्या स्पीकरवर. "पोस्टिंग कुठं?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे. "डोंगरात."

"अन् पगार?"

कागदाच्या मागच्या बाजूला माझी सगळी इस्टेट होती: धनुष्य, वीस बाण, दहा मोहरा.

"सोन्यात हाय," आप्पा म्हणाले.