बाळ रडलं की आईचंच ताट रिकामं करायचं का?

परवा तो मेसेज परत आला, तिसऱ्यांदा, आणि यावेळी मावसबहिणीने पाठवला जिचं बाळ जेमतेम ५ आठवड्यांचं आहे, खाली विचारलेलं "ताई हे खरंय का गं", म्हणून म्हटलं आता एकदाचं लिहूनच टाकते.

मेसेज थोडक्यात असा आहे: बाळ सारखं रडतंय, गॅस होतोय, शी हिरवी होतेय, म्हणजे त्याला लॅक्टोजची ॲलर्जी आहे. आईने दूध, अंडी, गहू, सोया, शेंगदाणे, कोबी, कडधान्यं सगळं आजच्या आज बंद करावं. खात्रीसाठी रक्ताची 'फूड टेस्ट' करावी. तरी फरक नाही पडला तर अंगावर पाजणं थांबवून लॅक्टोज-फ्री पावडर सुरू करावी. आणि शेवटी हात जोडून 'प्रत्येक आईपर्यंत पोचवा'.

मी डॉक्टर नाही. दोन मुलांची आई आहे, एकाला काही नव्हतं तरी मी उपाशी राहिले आणि दुसरीला खरंच होतं, त्यामुळे दोन्ही टोकं बघून झालीयेत.

पहिलं म्हणजे 'लॅक्टोजची ॲलर्जी' असं काही नसतंच. लॅक्टोज ही साखर, ती पचत नाही असं होऊ शकतं, पण ॲलर्जी होते ती दुधातल्या प्रोटीनची. या दोन गोष्टींची खिचडी केली की पुढचं सगळंच चुकतं. आईच्या दुधात १०० मिलीमागे साधारण ७ ग्रॅम लॅक्टोज असतं आणि ते स्तनातच तयार होतं, तुम्ही गायीच्या दुधाचा थेंब नाही घेतला तरी तेवढंच, दिवसाला लिटरभर प्यायलात तरी तेवढंच. म्हणजे आईने दूध सोडून बाळाच्या पोटात जाणारं लॅक्टोज कमी होणार नाही. जन्मापासूनच लॅक्टोज न पचणारी बाळं जगात फारच थोडी, आणि त्यांना पहिल्या काही दिवसांतच पाण्यासारखे जुलाब लागतात, बाळ सुकत जातं, वजन वाढत नाही, ते घरच्यांच्या नजरेतून सुटणं कठीण. मोठ्या माणसांना दूध पचत नाही तो प्रकार बहुतेकदा काही वर्षांचं झाल्यावर सुरू होतो, त्यामुळे "याच्या बाबांनाही चालत नाही" हा पुरावा दोन महिन्यांच्या बाळाला लागू नाही. जुलाबाचं इन्फेक्शन झाल्यावर थोडे दिवस लॅक्टोज पचायला त्रास होऊ शकतो पण तो तात्पुरता, आणि तेव्हाही अंगावरचं दूध सहसा चालूच ठेवतात.

मग मेसेजमध्ये खरं काहीच नाही का, तर आहे, थोडंसं. आईने खाल्लेल्या गायीच्या दुधातलं प्रोटीन तिच्या दुधात उतरतं. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नावाचं एक प्रोटीन माणसाच्या दुधात बनतच नाही, तरी ते अनेक आयांच्या दुधात सापडतं, म्हणजे आलं ते जेवणातूनच. पण किती, तर मिलीमागे काही नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग), आणि बहुतेक बाळांना त्याचं काही वाटत नाही. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांमध्ये दुधाची खरी ॲलर्जी अंदाजे ०.५ टक्के, म्हणजे दोनशेत एखादं. आता अंदाज करा तो मेसेज किती जणींपर्यंत गेला असेल.

आणि ज्यांना खरंच ॲलर्जी असते त्यांच्यात नुसतं रडणं क्वचितच असतं. शीमध्ये रक्ताच्या रेषा, शेंबडासारखा चिकटपणा, न हटणारा एक्झिमा (कोरडं, खाजणारं पुरळ), सारख्या उलट्या, वजन अडकणं, असं काहीतरी सोबत दिसतं. त्यातलं काही दिसलं तर डॉक्टरकडे. आणि ओठ-चेहरा सुजला, अंगभर गांधी उठल्या, श्वासाला घरघर लागली किंवा बाळ पांढरं पडून गळून गेलं तर लगेच हॉस्पिटल, तेव्हा ग्रुपवर विचारत बसू नका.

रडण्याचं सांगायचं तर रडणं साधारण सहाव्या आठवड्याला सगळ्यात जास्त असतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत बहुतेकांचं आपोआप उतरतं. त्यामुळे त्या काळात तुम्ही काहीही सोडा, गहू सोडा नाहीतर टीव्ही सोडा, श्रेय त्यालाच मिळणार. कोबीचं तर मला हसूच येतं. कोबीचा गॅस होतो तो न पचलेला चोथा तुमच्या मोठ्या आतड्यात जिवाणूंनी फस्त केल्यामुळे, तो चोथा रक्तात जात नाही मग दुधात कुठून येणार. हिरवी शी एकटी असेल तर सोडून द्या, पित्ताचा रंगच तो, आतड्यातून भरभर सरकली की हिरवी दिसते.

आता 'सगळं बंद करा'. माझा मोठा रडायचा म्हणून मी दूध, अंडी, गहू तिन्ही सोडलं, ५ महिने, वजन उतरलं, केस गळाले, चिडचिड वेगळीच, आणि तो साडेतीन महिन्यांचा झाल्यावर रडायचा थांबला, माझं पथ्य मात्र पुढे तसंच चालू कारण परत सुरू कर असं कोणी म्हटलंच नाही. धाकटीच्या वेळी शीमध्ये रक्ताच्या रेषा दिसल्या. डॉक्टरांनी फक्त दूध आणि दुधाचे पदार्थ बंद करायला सांगितले, ३ आठवडे, सोबत कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी, आणि तारीख लिहून दिली की या दिवशी परत दूध प्यायचं. मी म्हटलं रक्त थांबलंय तर कशाला, तर म्हणाले थांबलं ते दूध सोडल्यामुळेच की आपसूक हे कळणार कसं, कित्येक बाळांचं आपोआपही थांबतं. प्यायले, चौथ्या दिवशी रेषा परत आल्या, तेव्हा कुठे नक्की झालं. वर्षाची झाल्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली तिला दूध दिलं आणि पचलं, बहुतेकांचं तसंच होतं.

हे 'परत सुरू करून बघा' मेसेजमध्ये कुठेच नाही आणि माझा खरा राग त्यावर आहे. एका वेळी एकच पदार्थ, २ ते ४ आठवडे, मग परत खाऊन बघणं, एवढीच तर तपासणी आहे. बाळाचे डॉक्टर सोबत हवेत कारण पाजणाऱ्या बाईला दिवसाला १००० मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं आणि ते दूध सोडून हवेतून येत नाही. एक गंमत सांगते, काही जणी लॅक्टोज-फ्री दूध प्यायला लागतात. त्यात साखर फोडलेली असते, प्रोटीन जसंच्या तसं. शेळीच्या दुधातलं प्रोटीनही इतकं मिळतंजुळतं की ॲलर्जीवाल्यांना ते बहुतेकदा चालत नाही.

रक्ताची फूड टेस्ट म्हणून जी विकतात ती बहुतेकदा आयजीजीची, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या अँटिबॉडीची असते, आयजीजी वाढलेलं म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाल्लाय एवढंच. युरोपातल्या ॲलर्जी तज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगून टाकलं की निदानासाठी ती वापरू नका. आणि शीमध्ये रक्त येण्याच्या प्रकारात ॲलर्जीची खरी टेस्टही, आयजीई या दुसऱ्या अँटिबॉडीची, बहुतेकदा निगेटिव्हच येते.

शेंगदाण्याचा सल्ला जुना आहे, हवेतून आलेला नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली ॲलर्जीचा धोका असलेल्या घरांतल्या पाजणाऱ्या आयांना शेंगदाणे टाळायला सांगितलं होतं, २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला. मग २०१५ मध्ये लंडनच्या अभ्यासात तर उलटंच निघालं, ४ ते ११ महिन्यांची धोक्यातली ६४० बाळं होती, ज्यांना लवकर शेंगदाणा चारला त्यांच्यात पाचव्या वर्षी ॲलर्जी ३ टक्क्यांना, ज्यांना टाळला त्यांच्यात १७ टक्क्यांना.

राहिली पावडर. लॅक्टोज-फ्री पावडर बहुतेक गायीच्या दुधाचीच, म्हणजे बाळाला खरंच ॲलर्जी असेल तर आईच्या दुधातल्या नॅनोग्रॅमवरून उचलून थेट लाखो पट प्रोटीनवर नेऊन ठेवायचं. ॲलर्जीसाठीची पावडर वेगळी असते, प्रोटीन बारीक तोडलेली, आणि ती डॉक्टर सांगतात तेव्हाच. मावसबहिणीने तो लॅक्टोज-फ्रीचा डबा आणूनही ठेवलाय. बाळाचं वजन छान वाढतंय, रक्त नाही, पुरळ नाही, फक्त संध्याकाळी दोन तास भोकाड. डबा उघडू नकोस, परत घेतात का बघ म्हटलं.